घरातलं घर अडतं कुठे?

"मावशी, एमजी रोडवरून रॅम आणू का?" भाचीने लॅपटॉप पुढ्यात ठेवत विचारलं. तिने उबुंटू या लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली संगणकात, दुसरं लिनक्स टाकलं होतं आणि नुसता लॉगिनचा पडदा यायला दहा मिनिटं लागत होती. मी म्हटलं, थांब. आठ जीबी पुरेशी आहे.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात बिऱ्हाडकरूची चूल वेगळी, कुलूप वेगळं. पण पाण्याचा मुख्य कॉक मालकाकडे. व्हर्च्युअल मशीनचंही तसंच. आतल्या सिस्टिमला वाटतं, सगळा संगणक आपला. तिची बेरीज-वजाबाकी थेट प्रोसेसरवर चालते, पण इंटरप्ट (प्रोसेसरचं काम मध्येच थांबवणारे इशारे) बंद करणं, मेमरीचा नकाशा बदलणं असल्या सूचना मालकाने, म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरने, मध्येच अडवाव्या लागतात. ही अट पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी 1974 मध्येच नेमकी मांडली होती. आपल्या पीसीतले प्रोसेसर मात्र ती पाळत नव्हते. 'पॉपएफ' ही सूचनाच घ्या. पुरेसा अधिकार नसताना तिला इंटरप्ट बंद करायला सांगितलं, तर ती ते करतही नाही आणि तक्रारही करत नाही. मग मालकाला कळणार कसं? पेंटियममध्ये अशा 17 अडचणीच्या सूचना निघाल्या. इंटेलने 2005 मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने 2006 मध्ये एएमडी-व्ही आणून प्रोसेसरमध्येच पाहुण्यासाठी, म्हणजे आतल्या सिस्टिमसाठी, वेगळी अवस्था केली. लिनक्समधलं केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवायची अंगभूत सोय) 2007 पासून तीच वापरतं.

प्रोसेसरची ही सोय मिळाली नाही, तरी क्यूईएमयू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम थांबत नाही. तो पाहुण्याच्या सूचनांचं सॉफ्टवेअरने भाषांतर करत राहतो. दहा मिनिटं जात होती ती इथे.

'एलएससीपीयू' ही प्रोसेसरची माहिती दाखवणारी आज्ञा चालवली, तर व्हर्च्युअलायझेशनची ओळच नाही. भाचीचा चेहरा पडला. प्रोसेसरच तसला, असं तिला वाटलं. पण बायोसमध्ये (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत) सोय बंद असेल, तर अलीकडची कर्नल, म्हणजे लिनक्सचे गाभे, ती ओळ दाखवतच नाहीत. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये स्पष्ट लिहिलं होतं: बायोसने बंद केलंय. बायोसमध्ये जाऊन इंटेलचं व्हर्च्युअलायझेशन चालू केलं (एएमडीवर त्याच जागी 'एसव्हीएम' असं नाव असतं) आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला. आता परवानगी नाकारल्याचा संदेश! तिचं खातं केव्हीएम वापरायची परवानगी असलेल्या 'केव्हीएम' गटात घातलं, लॉगआउट करून परत लॉगिन केलं. लॉगिनचा पडदा अर्ध्या मिनिटात आला.

व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीनचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची अडचण निराळी. कर्नल 6.12 पासून केव्हीएमचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) लोड होताच व्हीटी-एक्सचा ताबा घेतं, आणि मग व्हर्च्युअलबॉक्स 'ही सोय दुसरं कुणी वापरतंय' म्हणून अडून बसू शकतो. तेव्हा बायोसला हात लावू नका. केव्हीएमचं मॉड्यूल उतरवून बघा.