मंगलाष्टकं, नाशिक ढोल आणि घरचं भित्रं कुत्रं

नाशिकच्या गंगापूर रोडच्या लॉन्सवर हल्ली लग्नात कुत्रीही दिसतात. गळ्यात झेंडूची माळ, एखाद्याच्या डोक्यावर चक्क फेटा. कुत्रं बिनधास्त स्वभावाचं असेल तर ठीक. पण बेल वाजली की पलंगाखाली शिरणारं कुत्रं मांडवात न्यायचं, तर त्याच्या अंगात काय घडतं ते आधी पाहायला हवं.

लग्नातला सगळ्यात अवघड क्षण अंतरपाटाचा. शेवटचं 'सावधान' होतं, कुणीतरी 'वाजवा रे वाजवा' असं ओरडतं आणि बँड, सनई, टाळ्या, अक्षता, कॅमेऱ्यांचे फ्लॅश, सगळं एकदम सुरू होतं. आपण आठ कडव्यांपासून त्याची वाट बघत असतो. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र आभाळच कोसळतं. शिवाय माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. लाउडस्पीकरची जी शिट्टी आपल्याला जेमतेम जाणवते, ती त्याच्या कानात घुसते.

धोका जाणवला की काही क्षणांत ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि बहुधा लवकर ओसरतं. मागोमाग येणारं कॉर्टिसॉल, ताणाचं दुसरं संप्रेरक, मात्र रेंगाळतं. ते उतरायच्या आत दुसरा धक्का बसला, तर आधीच्या भीतीत नवी भर पडते. गाडीतला प्रवास, शेकडो अनोळखी माणसं, होमाचा धूर, वरातीचा घोडा: यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी कुत्रं सोसेलही, पण एकामागोमाग एक आल्या की नाही. म्हणूनच 'सकाळी तर अगदी गुणी होता हो' असं ज्याच्याबद्दल सांगतात, तोच संध्याकाळी एखाद्या लहान मुलाच्या अंगावर जातो.

त्याआधी तो सांगत असतो, पण आपलं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे. झोप आलेली नसताना जांभई देणं, पुन्हा पुन्हा नाक चाटणं, पुढचा एक पाय उचलून धरणं, मान वळवूनही नजर तिथेच ठेवणं. अशा वेळी डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. गुळगुळीत फरशीवर पंजाचे ओले ठसे उमटले, तर ते पाण्याचे असतीलच असं नाही. कुत्र्याला घाम पंजांना येतो, आणि घाबरल्यावरही येतो. आवडता पनीरचा तुकडा त्याने हुंगून सोडून दिला, तर त्याला तिथून हलवायचं. फोटो राहिला तर राहिला.

'मी जवळ असले की तो शांत असतो,' असं नवरी म्हणते. एरवी ते खरंही असेल. पण बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ साली चार कुत्र्यांवर प्रयोग झाला. अवघड तोंडी गणितं घालण्यापूर्वीचे आणि घातल्यानंतरचे एकाच माणसाच्या घामाचे व श्वासाचे नमुने त्यांना हुंगायला दिले. ताणाखालचा नमुना त्यांनी सुमारे ९४ टक्के वेळा अचूक ओळखला. मुहूर्ताच्या वेळी नवरीच्या अंगाला कसला वास येत असणार, हे कुत्र्यापासून लपत नाही. त्याचा पट्टा ज्याला मानपानाशी काही देणंघेणं नाही अशा मावसभावाच्या किंवा शेजारच्या काकांच्या हाती द्यावा. फेट्याचा हट्ट तर सोडावाच. कान बांधलेल्या कुत्र्याची भीती कानांवरून वाचताही येत नाही.

सवय लावता येते, पण आठवडाभरात नाही. नाशिक ढोलचं रेकॉर्डिंग जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात लावायचं आणि ते सुरू असताना चिकनचे तुकडे द्यायचे. आवाज हळूहळू, आठवड्यागणिक वाढवायचा. कुत्र्याने खाणं थांबवलं की आवाज जास्त झाला. घाई केली तर सवय होण्याऐवजी धास्तीच वाढते. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर ते आणखी भित्रं होतं, या समजात तथ्य नाही. ते जवळ आलं तर खुशाल घ्यावं. गुंगीच्या गोळ्या मात्र मनाने देऊ नयेत. काही औषधांनी शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते. पशुवैद्याने औषध दिलंच, तर त्याची चाचणी घरी, लग्नाच्या आधीच घ्यावी.

माझं मत विचाराल तर भित्र्या कुत्र्याचा मान हळदीच्या सकाळी, घरच्या अंगणात, ढोलवाले यायच्या आत करावा. मुहूर्ताला त्याने घरीच ओळखीच्या माणसाजवळ राहावं.

तिथेही नाशिककरांनी एक पथ्य पाळावं. पाहुण्यांपुढची द्राक्षं आणि शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असा अंदाज अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ मध्ये मांडला; चिंचेतही तेच असतं. किती द्राक्षं सुरक्षित, याचा ठरलेला आकडा नाही. खाल्ल्याचं कळताच पशुवैद्याला फोन करावा. मूत्रपिंडाची लक्षणं दिसायला एखादा दिवस किंवा जास्तही जातो, आणि उलटी करवून द्राक्षं बाहेर काढण्याचा उपाय पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो.