मराठवाड्यातील घरगुती विमा आणि संरक्षणातील त्रुटी

घरात विम्याचे कागद असूनही झालेले नुकसान कोणत्याच पॉलिसीत किंवा योजनेत बसत नाही, तेव्हा ती विमा संरक्षणातील त्रुटी ठरते. विमा मुळीच नसणे ही वेगळी अडचण आहे. इथे हप्ते भरलेले असतात, कार्ड काढलेले असते. पण नुकसानीचे कारण, ठिकाण, तारीख किंवा ज्याचे नुकसान झाले तो माणूस करारातल्या अटींत सापडत नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव या आठ जिल्ह्यांत एकाच घरात एलआयसीची पॉलिसी, बँकेच्या खात्यातून कापला जाणारा विमा, सरकारी आरोग्य योजना, पीक विमा आणि मोटारसायकलचा विमा असे सगळे सापडते. यांतले प्रत्येक संरक्षण अरुंद आहे. एकाचे काम दुसरे करील असे धरून चालल्यानेच बहुतेक घरे अडचणीत येतात.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मांजरा, तेरणा, सीना आणि गोदावरीच्या काठांवर हे स्पष्ट दिसले. पाणी शेतात शिरले तसे घरातही शिरले. पीक विमा फक्त पिकाचा असतो. चूल, धान्य, कपाट, फ्रीज, विहिरीवरची मोटार यांच्याशी त्याचा संबंध नसतो. त्यातही २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला पीक विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पादनाशी जोडली गेली. त्यामुळे एकट्या शेतकऱ्याचे शिवार वाहून गेले तरी मंडळाची सरासरी काय येते यावर सारे अवलंबून राहते. तलाठ्याने केलेला पंचनामा शासकीय मदतीसाठी असतो. विमा कंपनीचा सर्व्हे वेगळा. पंचनामा झाला म्हणजे क्लेम झाला हा समज गावोगावी आहे, आणि तो फार महागात पडतो.

घर आणि घरसामान

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदांखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपरांखाली, गाडली गेली. पुढचे पुनर्वसन सरकारी निधी, जागतिक बँकेचे कर्ज आणि देणग्यांवर झाले. एवढे भोगलेल्या प्रदेशात आजही घराचा विमा क्वचितच काढला जातो, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांना लागू केली. आग, वीज पडणे, पूर, वादळ आणि भूकंप ही कारणे तिच्या मूळ संरक्षणातच आहेत. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांचे घरसामान त्यात आपोआप धरले जाते. त्रुटी पुढे आहेत. दागिन्यांसाठी वेगळे ऐच्छिक संरक्षण घ्यावे लागते. घरातली रोकड धरली जात नाही, म्हणजे सोयाबीन विकून आलेले पैसे कपाटातून गेले तर ते गेलेच. चोरीची भरपाई मिळते ती पूर, आग अशा विमित घटनेनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीची. एरवीच्या घरफोडीसाठी निराळी पॉलिसी लागते, आणि तिथे घर सलग बंद राहण्यावर अट आहे का हे आधी पाहावे. बीड, धाराशिवकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर कित्येक महिने घराला कुलूप लावून कारखान्यांकडे जातात. त्यांच्यासाठी ही अट सगळ्यात आधी वाचण्याची आहे.

कच्च्या बांधकामाला ही पॉलिसी मिळत नाही. लाकडी फळ्या, गवत, बांबू, ताडपत्री अशा वस्तूंच्या भिंती किंवा छप्पर असेल तर ते कच्चे मानले जाते. लाकडावर माती अंथरलेले माळवद यात धरले जाईल का, हे विमा काढतानाच कंपनीकडून लेखी घ्यावे. क्लेमच्या वेळी हा वाद घालण्यात अर्थ नसतो. बँकेने गृहकर्जासोबत काढलेला विमा बहुधा कर्जाच्या रकमेपुरता असतो आणि पैसे आधी बँकेच्या खात्यात जातात.

रचून ठेवलेली सोयाबीनची गंजी पेटणे हे तर इथले नेहमीचे दुःख. पीक विम्यात काढणीनंतरच्या नुकसानीचे संरक्षण जेव्हा होते, तेव्हाही ते अवकाळी पाऊस, गारपीट, चक्रीवादळ यांपुरते आणि काढणीपासून १४ दिवसांचे होते. कुणी लावलेली आग त्यात नव्हती. विक्रीचा शेतमाल घरसामानातही येत नाही. वर्षभराची मिळकत दोन्ही विम्यांच्या बाहेर उघड्यावर उभी असते.

घर पूर्ण पडले तर आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पक्क्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले होते. ही तातडीची मदत आहे, घर पुन्हा बांधण्याइतकी रक्कम नव्हे.

दवाखाना

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. मराठवाड्याचे आठही जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत असल्याने इथली शुभ्र शिधापत्रिकेची शेतकरी कुटुंबेही तिच्यात आधीपासून होती. १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारक तिच्या कक्षेत आले आणि आयुष्मान भारतसह कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण झाले. मात्र उपचार ठरलेल्या यादीतला हवा, दवाखाना योजनेत हवा आणि रुग्ण भरती झालेला हवा. दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, ओपीडीतल्या तपासण्या, सोबत आलेल्या नातेवाइकांचा मुक्काम हे सगळे खिशातून जाते. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात दोन दिवस काढून मग रुग्णाला नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरला हलवले, तर त्या दोन दिवसांचे बिल योजनेत येत नाही. डिपॉझिट भरण्यापूर्वी योजनेतल्या दवाखान्यातील आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या कर्मचाऱ्याला, गाठणे म्हणून महत्त्वाचे.

खासगी आरोग्य विम्यात पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. आधीपासूनच्या आजारांना कमाल तीन वर्षे थांबावे लागते. हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल यांनाही स्वतंत्र प्रतीक्षा काळ असतो. सगळ्यात कमी समजलेली अट खोलीभाड्याची आहे. समजा मर्यादा रोज २,००० रुपये आहे आणि रुग्ण ४,००० च्या खोलीत राहिला. मग फरक फक्त भाड्याचा पडत नाही. सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे ६०,००० झाले असतील तर त्यातलेही ३०,००० कापले जाऊ शकतात. औषधे, शरीरात बसवलेली उपकरणे आणि आयसीयूचे भाडे यांना ही प्रमाणशीर कपात लागू नाही.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांची अडचण निराळी आहे. ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वेतनमर्यादा २१,००० रुपये. पगार तिच्यावर गेला की चालू अंशदान कालावधी (पगारातून हप्ता कापण्याची सहामाही) संपल्यावर अंशदान थांबते आणि पुढे कुटुंब योजनेबाहेर पडते. पगारवाढीच्या आनंदात हे कुणी सांगत नाही, आणि तोवर घरातल्या आई-वडिलांना एखादा आजार जडलेला असतो, ज्यामुळे नवा विमा महाग किंवा अपुरा मिळतो.

अपघात आणि मृत्यू

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये, संरक्षण २ लाख, पण अपघातापुरतेच. शेतात हृदयविकाराने गेलेल्या माणसाला ते मिळत नाही. सर्पदंश अपघातात मोडतो. मात्र दवाखान्याची तत्काळ नोंद लागते. आधी मांत्रिकाकडे नेलेल्या रुग्णाचा जीव तर धोक्यात येतोच, कागदही मागे राहत नाही. जीवनज्योती योजनेत ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूला २ लाख मिळतात, पण प्रवेश ५० व्या वर्षापर्यंत, संरक्षण ५५ पर्यंत, आणि नव्याने सामील झाल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूला. दोन्हींचे हप्ते मे अखेरीस खात्यातून कापले जातात. तेव्हा पेरणीसाठी खाते रिकामे झालेले असते, आणि विमा तुटल्याचे घरात कुणाला कळत नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजना २०२३ पासून विमा न राहता शासनाचे सानुग्रह अनुदान झाली. ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला लागू होते. सालगडी आणि भूमिहीन बटाईदार, म्हणजे विजेचा, विंचवाचा, विहिरीचा धोका रोज पत्करणारे, तिच्या बाहेर राहतात. ही या प्रदेशातली सर्वांत अन्यायकारक त्रुटी आहे.

वाहने आणि जनावरे

थर्ड पार्टी विमा समोरच्याचे नुकसान भरून देतो, आपल्या गाडीचे नव्हे. नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा मिळतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. मालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण वैध लायसन्स असलेल्या मालकालाच मिळते, गाडी नेलेल्या भाच्याला नाही. शेतीसाठी विमा काढलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे बसवली तर त्यांच्या भरपाईवर कंपनी वाद घालते. जनावराच्या कानातला बिल्ला पडला तर क्लेम नाकारला जातो; तो पडताच डॉक्टरकडून पुन्हा टॅग करून कंपनीला कळवावे.

दाद

आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. उत्तर समाधानकारक नसेल किंवा महिनाभर आलेच नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येते. त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मंजूर होऊ शकते. नकाराचे पत्र मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून एजंटाच्या तोंडी नकारावर थांबू नये आणि कारण लिहिलेले पत्र मागून घ्यावे.