गावरान बियाणं, टोके आणि एका रानघेवड्यातलं प्रथिन

बियाणे महोत्सवांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अस्सल गावरान वाण आहे, याला कीड लागत नाही." ऐकणारा ओंजळभर दाणे घरी नेतो आणि पावसाळा सरेपर्यंत डब्यात टोके झालेले असतात. मग कुणीतरी समजूत घालतं, "कीड लागली ना, म्हणजे माल विषमुक्त आहे." ही दोन्ही वाक्यं मला सारखीच खटकतात, कारण दोन्हींत तपासणी नाही.

गावरान वाण टिकले पाहिजेत, याबद्दल दुमत नसावं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासह कितीतरी स्थानिक वाण राखले आणि त्या कामाला पद्मश्री मिळाली. पण वाण जुना असणं वेगळं आणि तो कीडरोधक असणं वेगळं. तो रोधक आहे की नाही, हे दाण्यावर कीड सोडूनच बघावं लागतं. ते कसं बघतात आणि त्यातून काय हाती लागतं, हे सांगायला घेवड्याइतकं, म्हणजे राजम्याच्या प्रजातीइतकं, चांगलं उदाहरण नाही.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. मूग, चवळी आणि राजमा तीन डब्यांत शेजारी शेजारी ठेवले, तर मूग आणि चवळीला भुंगेरा लागतो, राजमा मात्र बहुधा शाबूत राहतो. आपल्याकडचा कडधान्यावरचा भुंगेरा म्हणजे कॅलोसोब्रुकस. त्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवते. भिंगातून पाहिलं तर पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात घुसते आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य आत जातं. कोषात जाण्यापूर्वी ती सालीपर्यंत खात येते आणि पातळ गोल पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते. पूर्ण वाढलेला भुंगेरा तो ढकलून बाहेर पडतो, म्हणून भोक इतकं नेटकं गोल असतं. बाहेर आलेल्या भुंगेऱ्याला खायची गरजच पडत नाही. जे खायचं ते अळीनं आत असतानाच खाल्लेलं असतं, त्यामुळे अळीला उपाशी मारणारा दाणा हाच खरा रोधक दाणा.

राजम्याच्या दाण्यात नेमकं हेच घडतं. अळीला पिष्टमय पदार्थ पचवायला अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. राजम्यात असं एक प्रथिन असतं, की ते कॅलोसोब्रुकसच्या अमायलेजला घट्ट चिकटून त्याचं काम बंद पाडतं. अळी पिठात बुडालेली असते, पण तिला त्यातलं काहीच पचत नाही. राजमा, फरसबी, कोरेगावचा वाघ्या घेवडा ही सगळी एकाच प्रजातीची मंडळी आहेत, फेजिओलस व्हल्गॅरिसची.

ही प्रजाती मूळची अमेरिकेची, आणि तिच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले भुंगेरेही तिथलेच. झॅब्रोटेस हा उष्ण, सखल भागातला. ॲकँथोसेलिडेस थंड, उंच भागातला. पहिला अंडी दाण्याला चिकटवतो, दुसरा ती दाण्यांमध्ये नुसती विखरून टाकतो. या दोघांवर राजम्याच्या त्या प्रथिनाचा काहीही परिणाम होत नाही. झॅब्रोटेसच्या आतड्यात तर त्या प्रथिनाचाच तुकडा पाडणारं विकर सापडलं आहे. धान्याच्या व्यापारातून हे दोघे जगभर पसरले आणि आफ्रिकेत, जिथे घेवडा रोजच्या जेवणात असतो, तिथे त्यांनी साठवणीचं मोठं नुकसान केलं.

मग रोधक वाण शोधायचे कुठे? कोलंबियातल्या काली शहराजवळ, पाल्मिरा इथे सीआयएटी ही संशोधन संस्था आहे. जगातल्या घेवड्याच्या बियाण्यांचा सर्वांत मोठा संग्रह तिथे आहे. तिथल्या कीटकशास्त्रज्ञांनी लागवडीतले चार हजारांहून अधिक नमुने तपासले. त्यांत शेकडो वर्षं शेतकऱ्यांनी राखलेले वाणही होते. पद्धत साधी: मोजके दाणे कुपीत घ्यायचे, भुंगेऱ्यांच्या ठरावीक जोड्या सोडायच्या, आणि किती अंडी पडली, किती भुंगेरे बाहेर आले, किती दिवसांनी आले, त्यांचं वजन किती, हे लिहून ठेवायचं. भरघोस रोध कशातच सापडला नाही. तो सापडला मेक्सिकोतल्या रानटी घेवड्यात, ज्याचे दाणे बारीक आणि शेंगा वाळताच फुटणाऱ्या. हे निष्कर्ष 1983 साली प्रसिद्ध झाले.

माझ्या मते या सगळ्या कथेचा गाभा इथे आहे. माणसानं मोठे, चविष्ट, लवकर शिजणारे दाणे निवडले. मूठभर झाडांपासून लागवड सुरू झाली आणि त्या मुठीत हा गुण आलाच नाही. जे सुरुवातीलाच मागे राहिलं, ते नंतर कितीही जुना वाण धुंडाळला तरी त्यात कसं मिळणार?

रानटी दाण्यात होतं काय? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांच्या प्रथिनांचं पृथक्करण झालं, तेव्हा लागवडीच्या घेवड्यात कधी न दिसलेलं एक प्रथिन पुढे आलं. मेक्सिकोतल्या गेरेरो राज्यातल्या आर्सेलिया गावावरून त्याला आर्सेलिन म्हणतात. 1988 साली 'सायन्स' या नियतकालिकात निबंध आला. आर्सेलिन मिसळलेले कृत्रिम दाणे केले, तर त्यांत झॅब्रोटेसची वाढ खुंटली.

आता थोडं खोलात जाऊ, कारण मला सर्वांत जास्त भुरळ याच भागानं घातली आहे. घेवड्याच्या चौथ्या गुणसूत्रावर एक जनुकसमूह आहे. त्यात तीन प्रकारची भावंडं आहेत: लेक्टिन, म्हणजे कच्चा राजमा विषारी करणारं प्रथिन, अमायलेज रोखणारं प्रथिन आणि आर्सेलिन. एका मूळ लेक्टिन जनुकाच्या प्रती होत गेल्या, प्रत्येक प्रत वेगळी बदलली आणि हे कुटुंब तयार झालं. आर्सेलिनचे अनेक प्रकार आहेत आणि ते क्रमांकानं ओळखतात. आर्सेलिन असलेल्या दाण्यात फॅसिओलिन हे नेहमीचं साठवणीचं प्रथिन बरंच घटतं आणि त्याची जागा आर्सेलिन घेतं. अळीच्या विकरांना ते सहजी तोडता येत नाही. शिवाय आर्सेलिन-1 मुळे झॅब्रोटेसच्या अळीच्या आतड्याच्या पेशींची रचना बिघडलेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. ॲकँथोसेलिडेसच्या आतड्यात मात्र तसा बिघाड आढळला नाही. आर्सेलिन-5 च्या बाबतीत तर हे एकटं प्रथिन पुरेसं ठरत नाही, शेजारच्या जनुकांचाही वाटा लागतो. म्हणून पैदासकार एक जनुक उचलण्यापेक्षा अख्खा समूहच संकरातून घेतात.

हा गुण प्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा, असल्यानं निवड सोपी जाते. रानटी आणि लागवडीच्या घेवड्याचा संकर करायचा आणि संतती पुन्हा पुन्हा लागवडीच्या वाणाशी जुळवायची. रानटी वाटा सरासरी 50 टक्क्यांवरून 25, 12.5, 6.25 असा उतरत जातो. प्रत्येक पिढीत दाण्याच्या बीजदलाचा छोटा कपचा काढून त्यात आर्सेलिन आहे का ते बघायचं. असेल तर कोंब असलेला उरलेला भाग पेरायचा, नसेल तर तो दाणा बाद. सीआयएटीच्या 'राझ' मालिकेतल्या पैदास-ओळी, म्हणजे हा गुण पुढे नेणारे वंश, याच वाटेनं आल्या.

"मग हे आपण खायचं कसं?" ही शंका रास्त आहे. पण साधा राजमाही कच्चा खाण्यासारखा नसतोच. तो भिजवून, पाणी बदलून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळला की त्यातलं लेक्टिन निकामी होतं. आर्सेलिन त्याच कुळातलं आहे. अळीला मात्र कच्चाच दाणा खावा लागतो.

अमावास्येला भरलेलं कडधान्य किडत नाही, मंत्र म्हणून भारलेल्या बियाण्याला भुंगा शिवत नाही, असं अजूनही सांगितलं जातं आणि त्यावर पैसेही उकळले जातात. याला कसलाही आधार नाही. राख मिसळणं किंवा एरंडेल चोळणं ही मात्र खरी विद्या. राखेनं कीटकाचं शरीर कोरडं पडतं आणि दाण्यांमधल्या फटी भरतात, तेलानं अंड्यांचा श्वास कोंडतो. आजीनं दोन्ही सांगितलं असेल, तर त्यातलं कुठलं घ्यायचं हे आपण ठरवायचं.

ॲकँथोसेलिडेसवर मात्र आर्सेलिनची मात्रा फारशी चालली नाही. त्यासाठी मेक्सिको आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात पिकणाऱ्या टेपरी घेवड्याकडे जावं लागलं. ती वेगळीच प्रजाती, त्यामुळे संकर अवघड. तरीही अमेरिकेतल्या ओरेगन आणि टांझानियातल्या सोकोइने विद्यापीठांतल्या संशोधकांनी टेपरीतला हाच जनुकसमूह घेवड्यात आणून दाखवला. आपल्या मुगाचंही तसंच आहे. त्यातला भुंगेऱ्याविरुद्धचा एक गाजलेला रोध मादागास्करच्या रानमुगातून आला.

चवळीत मात्र नायजेरियातल्या इबादानच्या संग्रहात हजारो नमुन्यांतून टीव्हीयू 2027 हा लागवडीतलाच नमुना रोधक निघाला. म्हणजे गावरान वाणांत काहीच नसतं असंही नाही. फक्त ते मोजून काढावं लागतं, आणि मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. मूग, चवळी, मटकीचे आपल्या भागातले वाण घ्या. प्रत्येकाचे पन्नास दाणे वेगळ्या बाटलीत, तोंडाला कापड, आत ताज्या निघालेल्या भुंगेऱ्यांच्या सारख्याच जोड्या, आणि प्रत्येक वाणाच्या तीन तरी बाटल्या. आठवड्यानं भुंगेरे काढून टाका आणि अंडी मोजा. पण नुसत्या अंड्यांवर जाऊ नका, गुळगुळीत सालीवर अंडी जास्त पडू शकतात. महिन्या-दीड महिन्यानं गोल भोकं मोजा आणि पहिला भुंगेरा कितव्या दिवशी निघाला तेही लिहा. अंडी भरपूर, पण भोकं थोडी आणि उशिरा, असा वाण सापडला, तर त्याचे दाणे लगेच वाटून टाकू नका. पुढच्या हंगामात ते वेगळ्या ओळीत लावा आणि नव्या दाण्यांवर हीच चाचणी पुन्हा घ्या.