तालवादक मंचाच्या पुढे कसा आला

लॅटिन जॅझच्या, म्हणजे जॅझ आणि क्यूबाचे ताल मिसळलेल्या संगीताच्या, मैफलीत बँडचा प्रमुख अनेकदा तालवादकच असतो आणि तो मंचाच्या अगदी पुढे उभा राहून वाजवतो. आज याचं कुणाला नवल वाटत नाही. पूर्वी मात्र तालवाल्यांची जागा मागच्या रांगेत असे. ही मांडणी उलटी केली ती मुख्यतः न्यूयॉर्कचे तालवादक आणि बँडप्रमुख टीटो प्वेंते यांनी.

जमीन आधीच नांगरलेली होती. क्यूबात वाढलेले गायक माचितो यांनी १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'आफ्रो-क्यूबन्स' हा बँड काढला. त्यांचे मेहुणे, ट्रम्पेटवादक मारिओ बाऊसा यांनी त्यात जॅझची ब्रास (ट्रम्पेटसारखी धातूची फुंकवाद्यं) आणि क्यूबाचा ताल एकत्र आणला. बाऊसांची १९४३ ची 'तांगा' ही लॅटिन जॅझची पहिली रचना मानली जाते. काँगा (हातानं वाजवायचा उंच ढोल) वाजवणारे चानो पोसो आणि जॅझचे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांची गाठही बाऊसांनीच घालून दिली. सप्टेंबर १९४७ मध्ये पोसो आणि गिलेस्पी यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकत्र वाजवलं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या एका बारमध्ये पोसोंचा गोळ्या घालून खून झाला. वय अवघं ३३.

प्वेंते हार्लेममध्येच वाढले. जन्म १९२३ चा, आईवडील प्वेर्तो रिकोचे. महायुद्धात नौदलात होते. परतल्यावर माजी सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून ज्युलियार्ड या न्यूयॉर्कच्या संगीतविद्यालयात शिकले. त्यामुळे ताल वाजवणारा आणि ब्रासच्या ओळी लिहिणारा माणूस एकच झाला.

त्यांचं वाद्य टिंबाल्स: धातूचे दोन उथळ ड्रम, वरच्या बाजूलाच कातडं, जोडीला काउबेल, म्हणजे गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखं धातूचं वाद्य. उभ्यानं, काड्यांनी वाजवायचे. ड्रमच्या धातूच्या बाहेरच्या अंगावर काडी चालते ती 'कास्कारा'. रचनेचा एक भाग संपून दुसरा सुरू होताना येतो 'आबानिको', काड्यांचा एक झपाट्याचा रोल. तो वाजला की पुढच्याच ठोक्याला सगळा बँड नव्या भागात शिरतो. संचालकाचा इशारा वाद्यातूनच येत असेल, तर ते वाद्य पुढेच हवं! या सगळ्याखाली असतो क्लावे: दोन लाकडी दांडक्यांवरचे पाच आघात, आधी तीन मग दोन, किंवा उलट. तबल्याचा ठेका सुटला की गवई जसा अडखळतो, तसा क्लावे निसटला की अख्खा बँड विस्कटतो.

मला सर्वात मोठं श्रेय द्यावंसं वाटतं ते ब्रॉडवे आणि ५३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पॅलेडियम बॉलरूमला. १९५० च्या दशकात तिथे माचितो, प्वेंते आणि टीटो रॉड्रिगेझ यांचे बँड वाजत. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय, प्वेर्तोरिकन, ज्यू, इटालियन एकाच फ्लोअरवर माम्बो हा क्यूबन नाच नाचत. त्या पायांना ताल समोर दिसायला हवा होता.

प्वेंतेंच्या बँडमधले तालवादक मोंगो सांतामारिया आणि विली बोबो ते दशक संपण्याआधी कॅलिफोर्नियाचे बँडप्रमुख कॅल जेडर यांच्याकडे गेले. १९७५ मध्ये जेडरच्याच बँडमध्ये पाँचो सँचेझ हा तरुण काँगावादक दाखल झाला. पुढे सँचेझनी स्वतःचा बँड काढला, आणि त्यात काँगा मंचाच्या पुढे ठेवले.