हरितगृह वायू

सूर्यप्रकाशाला बहुतांशी वाट देणारे, पण तापलेल्या जमिनीतून निघणारे अवरक्त प्रारण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) शोषून त्याचा काही भाग पुन्हा जमिनीकडे पाठवणारे वायू. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड व ओझोन हे प्रमुख. ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १५° से. ऐवजी उणे १८° से.च्या आसपास राहिले असते.

‘हरितगृह’ हे नाव रूढ असले तरी दिशाभूल करणारे आहे. जालन्याकडच्या एखाद्या पॉलिहाउसमध्ये जाणवणारा उकाडा मुख्यतः हवा कोंडल्याचा असतो. बाजूचे पडदे गुंडाळले की तो ओसरतो. वातावरणात हवा कोंडत नाही. हे वायू वाढले की उष्णता अवकाशात निसटण्याची पातळी वर सरकते. तिथली हवा थंड, म्हणून प्रारण कमी सुटते आणि तूट भरून निघेपर्यंत खालची जमीन तापत राहते. याहून जवळचा दाखला परभणीच्या जानेवारीतला आहे : निरभ्र, कोरड्या रात्री पारा झपाट्याने उतरतो; आभाळ आले की त्याच शिवारात पहाटेची थंडी पळते. ढग म्हणजे वायू नव्हेत, परंतु जमिनीची ऊब परतवण्याचे तत्त्व तेच.

शोधाच्या श्रेयाबाबत मतभेद आहेत. फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांनी १८२४ मध्ये वातावरण उष्णता धरून ठेवते, असे मांडले. अमेरिकी संशोधक युनिस फूट यांनी १८५६ मध्ये काचनळ्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी अधिक तापते, हे दाखवले. मात्र सूर्यप्रकाश व अवरक्त प्रारण यांचा परिणाम त्यांना वेगळा करता आला नाही. तो १८५९ पासूनच्या प्रयोगांत आयरिश भौतिकशास्त्रज्ञ टिंडल यांनी वेगळा केला. निरीक्षणाचा अग्रमान फूट यांना आणि यंत्रणेच्या उलगड्याचा टिंडल यांना देणे अधिक सयुक्तिक दिसते. फूट यांचे नाव दीर्घकाळ विस्मरणात राहिले, हा अन्यायच होय. कार्बन डायऑक्साइड वाढल्यास तापमान किती वाढेल, हे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांचे गणित १८९६ चे.

कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिकीकरणापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० होते. ते आता ४२० च्या वर आहे.

मराठवाड्यातील स्रोतांत परळीचे कोळशावरील वीजकेंद्र, रवंथ करणारी जनावरे व जाळलेले उसाचे पाचट येतात. युरियाचा उल्लेख सहसा राहून जातो. त्यातील नत्राचे मातीत नायट्रेट बनते. काळ्या भारी रानात पाणी साचून मातीतला प्राणवायू घटला की जिवाणू नायट्रेटमधील नत्राचा काही अंश नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो किलोला किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. शिवाय ते नत्र शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेले असते.