पार्श्वभूमी : जोडकृष्णविवरांचा परिसर आणि गुरुत्वीय लहरी

दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात तेव्हा त्यांच्या आसपास काहीच नाही, असे गृहीत धरून गणित मांडण्याची पद्धत आजही रूढ आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये टिपलेल्या पहिल्या गुरुत्वीय लहरीपुरते, म्हणजे अशा जोडीच्या हालचालीने अवकाशकालात उठणाऱ्या तरंगापुरते, हे गृहीतक पुरेसे ठरले, कारण सुमारे ३६ आणि २९ सूर्यांइतक्या वस्तुमानांच्या त्या जोडीचा संदेश जेमतेम ०.२ सेकंद मिळाला आणि त्या अखेरच्या क्षणी भोवतालच्या वायूला वा ताऱ्यांना परिणाम करण्यास वावच नव्हता.

परिसराचा प्रश्न मात्र त्याहून जुना आहे. ताऱ्यांच्या गर्दीतून जाणाऱ्या जड वस्तूची गती तिच्या मागे गोळा होणाऱ्या ताऱ्यांच्या ओढीने मंदावते, हे १९४३ मध्ये गणिताने दाखवले गेले. १९७४ मध्ये सापडलेल्या, पावणेआठ तासांत एक फेरी घेणाऱ्या जोडस्पंदकाचा (स्पंदक म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणारा मृत तारा, येथे जोडीत फिरणारा) आवर्तकाल गुरुत्वीय लहरींमुळे घटतो, हे निरीक्षणातून सिद्ध करताना आपल्या आकाशगंगेच्या ओढीने येणारा सुमारे १ टक्क्याचा फरक वेगळा काढावा लागला.

'परिसराचा परिणाम' या एकाच नावाखाली आज तीन निराळ्या गोष्टी कोंबल्या जातात आणि बहुतेक वाद तेथूनच निघतात. नागपुरात या विषयावर मराठीतून बोलताना 'पर्यावरण' म्हटले की ऐकणाऱ्यांचे लक्ष अंबाझरी तलावाच्या पाण्याकडे जाते, म्हणून येथे 'परिसर' हा शब्द घेतला आहे. पण खरा गुंता शब्दनिवडीचा नाही. भोवती फिरणाऱ्या वायूची तबकडी किंवा कृष्णद्रव्याचा (न दिसणाऱ्या, केवळ ओढीने जाणवणाऱ्या द्रव्याचा) दाट ढग कक्षेतून ऊर्जा काढून घेतो, तेव्हा जोडीची चाल खरोखर बदलते. जोडी एखाद्या अवजड कृष्णविवराभोवती फिरत असेल, तर तिची अंतर्गत चाल जवळपास तशीच राहते, मात्र संपूर्ण जोडीच्या वेगामुळे आपल्याकडे येणारी वारंवारता सरकते. वाटेतील दीर्घिकेने लहर वाकवली, तर जोडीला काहीच झालेले नसते. पहिल्या प्रकाराला बल म्हणावे, दुसऱ्याला हालचाल आणि तिसऱ्याला प्रवास. तिन्हींना एकाच 'दुरुस्ती'च्या खात्यात टाकणे माझ्या मते चूक आहे, कारण त्यामुळे जोडीच्या जन्मस्थानाची माहितीच गोंगाट समजून टाकून दिली जाते.

मे २०१९ मधील, सुमारे १४२ सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर मागे ठेवणाऱ्या विलीनीकरणाच्या घटनेने हा वाद ठळक केला. काही आठवड्यांनी एका सक्रिय दीर्घिकेत, म्हणजे केंद्रातील महाकाय कृष्णविवर वायू गिळत असलेल्या दीर्घिकेत, दिसलेली प्रकाशाची उसळी त्याच विलीनीकरणाची, म्हणजे ते वायूच्या तबकडीत झाले, असा दावा पुढे आला. अशा दीर्घिका आपणहूनही उजळतात आणि लहरीचा उगम आकाशाच्या मोठ्या पट्ट्यात कोठेही असू शकत होता, म्हणून हा दावा सर्वमान्य झाला नाही.

जून २०२३ मध्ये स्पंदकांच्या ठोक्यांतून अतिमंद लहरींचा पुरावा मिळाला. त्या कामात नारायणगावजवळील खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणेही होती. तेथे परिसर टाळताच येत नाही, कारण महाकाय कृष्णविवरांना लहरींच्या टप्प्यापर्यंत जवळ आणण्याचे काम तारे आणि वायूच करतात, आणि त्यांनी ते झपाट्याने केले तर सर्वांत मंद लहरी क्षीण होतात. हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याचा नियोजित गुरुत्वीय लहर शोधक मात्र वेगवान, अखेरचे टप्पे ऐकेल, जेथे परिसराची खूण सहसा पुसट असते. २५ लाख किलोमीटर लांबीच्या भुजांची अवकाशातील यंत्रणा २०३० च्या दशकाच्या मध्यास सोडण्याचे ठरले आहे. एखाद्या लहान कृष्णविवराच्या महाकाय शेजाऱ्याभोवतीच्या हजारो फेऱ्या ती मोजेल, आणि इतक्या फेऱ्यांत वायूने एका फेरीचा जरी फरक पाडला, तरी तो तिला टिपता येऊ शकेल.