ढग गेले की थंडी येते

जानेवारीत आभाळ भरून आलं की ग्वाल्हेरात, लष्कर भागातल्या घराघरांतून ऐकू येतं, 'आज रात्री गारठा वाढणार.' बहुतेक वेळा होतं उलटं. ढगाळ रात्र सुसह्य जाते आणि खरा कडाका पडतो तो आभाळ निवळल्यावर. हवामानाचा अंदाज बघताना आपली नजर थेट तापमानाच्या आकड्यावर जाते. माझं म्हणणं असं, की आधी ढगांबद्दल काय लिहिलंय ते वाचावं. पुढचा आकडा बराचसा तिथेच ठरलेला असतो.

दिवसा तापलेली जमीन रात्रभर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता सोडत असते. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की तिचा मोठा भाग अवकाशात निघून जातो. ढग असले तर ते ती शोषतात आणि बरीचशी परत खाली पाठवतात. जमिनीवर गोधडी घातल्यासारखंच ते. मात्र ही गोधडी किती जाड, हे ढग कोणता यावर अवलंबून. खालचा, पाण्याच्या थेंबांचा दाट ढग जमिनीपेक्षा थोडाच थंड असतो, त्यामुळे तो रात्रीची घसरण जवळजवळ थांबवतो. उंचावरच्या बर्फकणांच्या विरळ ढगाला ते जमत नाही.

ढगांची आज वापरात असलेली नावं 1802 साली लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी सुचवलेल्या पद्धतीतून आली. पेशाने ते औषधं बनवणारे, हवामानाचा अभ्यास निव्वळ आवडीचा. आता दहा मुख्य प्रकार मानले जातात. आपल्या हिवाळ्यासाठी त्यांतले चार-पाच ओळखता आले तरी खूप झालं.

कारण इथल्या थंडीतलं आभाळ बहुतेक वेळा पश्चिमी विक्षोभाच्या तालावर बदलतं. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली ही प्रणाली वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून येते. हिमालयात बर्फ पाडते, आणि राजस्थानवर हवेचं चक्र तयार झालं, अरबी समुद्राचा ओलावा खेचला गेला, तर आपल्याकडे मावठ, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, होते. तिची चाहूल आधी वरच्या ढगांत लागते. पहिल्यांदा येतो सिरस, पांढरे तंतू ओढल्यासारखा. मग सिरोस्ट्रॅटसचा पातळ पडदा पसरतो आणि चंद्राभोवती खळं पडतं. हे खळं मोजून बघाच. हात सरळ लांब करून पंजा पूर्ण ताणा आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर धरा. करंगळीचं टोक साधारण खळ्याच्या कडेवर येतं. ते अंतर 22 अंशांचं. बर्फाचे स्फटिक षटकोनी असतात आणि त्यांच्यातून प्रकाश वळतो तो मुख्यतः याच कोनात, म्हणून खळ्याचा आकार दर वेळी तोच. पुढे अल्टोस्ट्रॅटस दाटला की सूर्य नुसता पुसट ठिपका होतो, अंगणात सावली पडेनाशी होते. त्यानंतर निम्बोस्ट्रॅटस आला तर पाऊस. दर वेळी हा क्रम पुरा होत नाही. अनेकदा पडदा येतो आणि विरून जातो. तरी खळं दिसलं की संक्रांतीचं हळदीकुंकू गच्चीऐवजी घरात ठेवायला हरकत नाही.

धुकंही ढगच, फक्त जमिनीला टेकलेला. पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली, आकाश मोकळं, वारा अगदी मंद, असं जुळून आलं की पहाटे ते दाटतं. दृश्यता 1000 मीटरच्या खाली गेली की हवामान विभाग त्याला धुकं म्हणतो, 50 मीटरच्या आत गेली की अतिदाट. आपल्याकडे किल्ला हे आयतं मोजमाप आहे. सकाळी उशिरा त्याचा पायथा दिसू लागला आणि तटबंदी अजून झाकलेलीच असली, तर समजावं की धुकं उचललं जाऊन खालच्या स्तरमेघात, म्हणजे स्ट्रॅटसमध्ये बदललंय. तो दिवसभर टिकला तर ऊन अडतं आणि कमाल तापमान चढतच नाही. किमान 10 अंश किंवा त्याखाली आणि कमाल सरासरीहून किमान साडेचार अंशांनी कमी, असा दिवस म्हणजे 'शीत दिवस'. थंडीची लाट वेगळी; ती रात्रीच्या किमान तापमानावरून ठरते. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, पण एकाला ढग कारणीभूत असतो आणि दुसरीला बहुधा ढग नसणं.

रात्रीचं धुकं उपग्रहालाही सहज दिसत नाही. त्याच्या माथ्याचं आणि जमिनीचं तापमान जवळपास सारखंच, त्यामुळे नेहमीच्या अवरक्त चित्रात दोन्ही एकरूप होतात. म्हणून इन्सॅट-3डीसारखे उपग्रह दोन वेगळ्या तरंगलांबींवर एकच जागा बघतात. धुक्याचे बारीक थेंब या दोन्हींत वेगवेगळे वागतात आणि त्या फरकातून धुकं सापडतं.

विक्षोभ पुढे सरकला की वारा वायव्येकडून वाहू लागतो, कोरडा आणि बोचरा. संध्याकाळी तो पडला, आभाळात ढगाचा तंतूही नसला, की भिंड-मुरैन्याकडच्या मोहरीला दहिवर गोठण्याची भीती. अशा रात्रीच्या आधी शेतकरी पिकाला हलकं पाणी देतात. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि ती पहाटेपर्यंत हळूहळू सोडत राहते.